गाडीच्या पुढून खडखड येतेय? जंपर बदलण्याआधी लिंक रॉड तपासा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की गावाकडच्या रस्त्यांची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. ट्रॉल्यांच्या वजनाने डांबर दबतं, कडा तुटतात आणि एका बाजूच्या चाकाखाली खड्डा तर दुसरीकडे सपाट, असा रस्ता तयार होतो. रोज त्याच रस्त्याने दूध, भाजी, शाळेची पोरं नेणाऱ्या चारचाकीच्या पुढून मग एक दिवस खडखड सुरू होते. स्टेअरिंग ठीक, ब्रेक ठीक, गाडी सरळ चालते, नुसता आवाज. गॅरेजला नेली की बऱ्याच ठिकाणी पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "जंपर गेले." जोडीने जंपर बदलायचे तर हजारांत पैसे जातात. आणि परत येताना त्याच खड्ड्यात तोच आवाज.

अशा आवाजामागे पुष्कळदा एक वीतभर लांबीचा दांडा असतो. त्याला लिंक रॉड म्हणतात, दुकानात स्टॅबिलायझर लिंक असंही मागतात. किंमत साधारण काही शे रुपयांपासून पुढे. बदलायला सवयीच्या मिस्त्रीला तासभर लागतो. हा दांडा कुठे असतो, खराब झालाय हे कसं ओळखायचं आणि बदलताना कुठली काळजी घ्यायची, हे गाडीवाल्याला माहीत असलं तर निम्मं काम तिथेच होतं.

बार काय करतो, लिंक काय करते

गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, खालून आडवा गेलेला एक पोलादी बार असतो. दोन्ही टोकं वाकवलेली, कंसासारखा आकार. हा स्टॅबिलायझर बार, गॅरेजमध्ये कुणी बॅलन्स रॉडही म्हणतात. मधे दोन ठिकाणी तो रबरी बुशमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला पट्टीने आवळलेला असतो. त्याची दोन टोकं दोन बाजूंच्या जंपरला किंवा खालच्या आर्मला जोडायचं काम लिंक रॉड करतो. म्हणजे एका गाडीला पुढे दोन लिंक, डावी आणि उजवी. काही गाड्यांना मागेही असतात.

गतिरोधकावर गाडी सरळ चढली की दोन्ही चाकं एकदम वर जातात. तेव्हा बार बुशमध्ये नुसता फिरतो, काही अडवत नाही. पण घाटात डावीकडे वळलात की गाडीचं अंग उजवीकडे झुकतं. उजवं चाक आत दाबलं जातं, डावं लोंबकळतं. आता बारचं एक टोक वर आणि एक खाली, त्यामुळे ओला टॉवेल पिळावा तसा बारला पीळ पडतो. पोलाद असल्याने तो पीळ सोडवायला बघतो, आणि त्या जोरानेच गाडीचं झुकणं कमी होतं. सगळा कारभार एवढाच.

बारची जाडी फार नाजूक हिशोबाची असते. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार २२ चा केला तर जाडी दहाच टक्के वाढते, पण ताठपणा ४६ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून भंगारातून दुसऱ्या गाडीचा जाड बार आणून बसवायचा उद्योग करू नये. पुढचं टोक फार ताठ झालं तर वळणात पुढची चाकं रस्ता लवकर सोडतात.

लिंकच्या दोन्ही टोकांना छोटा बॉल जॉइंट असतो. वाटीत गोळा, भोवती ग्रीस, वरून रबरी टोपी. ही टोपी फाटली की खेळ संपला. पावसाचं पाणी, मळीचा चिखल, धूळ आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, गोळा आणि वाटी एकमेकांना घासतात आणि जागा मोकळी होते. मग प्रत्येक छोट्या खड्ड्यात गोळा वाटीत आपटतो. तीच आपली खडखड.

सगळ्या गाड्यांना लिंक नसते. जुन्या मारुती ८०० मध्ये बारची टोकं सरळ खालच्या आर्ममध्ये बुश घालून बसवलेली आहेत. तिथे तोच बार चाकाला पुढे-मागे सरकण्यापासूनही धरून ठेवतो. त्यामुळे त्या गाडीत बुश गेला तर आवाजाबरोबर ब्रेक मारताना गाडी बाजूला ओढणं असा त्रासही होतो. आपल्या गाडीला लिंक आहे का हे बघायचं तर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि चाकामागे मोबाईलची टॉर्च मारा. जंपरच्या नळीला किंवा खालच्या आर्मला जोडलेला बोटाएवढा जाड उभा दांडा दिसला तर तीच लिंक.

पुढे एक चाक, पुढे दोन चाकं

हा बार नीट समजायचा तर तीन चाकांच्या गाड्यांकडे बघावं. आपली ऑटोरिक्षा घ्या किंवा जुना तीनचाकी टेम्पो घ्या. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या गाड्यांमुळे हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की आज कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतात. या गाड्यांना पुढे एकच चाक. बारला काम करायला दोन चाकांची जोडी लागते, त्यामुळे पुढे असा बार बसवून उपयोगच नाही. झुकणं अडवायची सगळी जबाबदारी मागच्या दोन चाकांवर पडते. आणि वळणात ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या अंगाला जातं, तिथे तर चाकच नाही. भरलेली रिक्षा वळणावर का कलंडते याचं उत्तर इथे आहे.

याच्या उलट रचना म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक. इंग्लंडच्या मॉर्गन कंपनीने १९०९ पासूनच अशा गाड्या बनवायला घेतल्या होत्या. आजच्या काळातलं मोठं नाव म्हणजे कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर. ती २००७ साली बाजारात आली. हँडल मोटारसायकलचं, बसायचं मोटारसायकलसारखं, पण पुढची दोन चाकं चारचाकीसारखी वर-खाली दोन आर्मवर बसवलेली. मोबाईलवरच्या व्हिडिओत तुम्ही ती पाहिलीही असेल.

साधी मोटारसायकल वळणात आत झुकते, त्यामुळे तिला असल्या बारची गरज नाही. पियाजिओ कंपनी, जिची आपे बारामतीत बनते, तिने इटलीत एमपी-३ नावाची तीनचाकी स्कूटर काढली. तिची पुढची दोन्ही चाकं मोटारसायकलसारखी झुकतात. स्पायडर मात्र झुकत नाही. वळणात तिचं अंग चारचाकीसारखंच बाहेर फेकलं जातं. मागे एकच चाक असल्याने मागून झुकणं अडवायला काहीच मदत नाही. पुढच्या दोन स्प्रिंगा आणि पुढचा बार, बस्स. म्हणून त्या गाडीत लिंक ढिली झाली की चालवणाऱ्याला ते चारचाकीपेक्षा लवकर जाणवतं, गाडी वळणात डुलल्यासारखी वाटते. तिथले बरेच मालक मूळ लिंक काढून लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या धातूच्या लिंक बसवतात. तशा लिंक बसवताना गाडी सपाट जागेवर उभी असताना बारला कुठलाही पीळ राहणार नाही अशी लांबी जुळवावी लागते, नाहीतर गाडी सरळ उभी असतानाही बार एका चाकाला दाबत राहतो. बाकी बदलायची पद्धत आपल्या चारचाकीसारखीच.

खराब आहे हे कसं ओळखायचं

आवाज कधी येतो हे आधी नीट ऐका. गावातल्या गल्लीतून, खडीच्या रस्त्यावरून हळू जाताना, एकेक चाक वर-खाली होताना खडखड येते आणि मोठ्या गतिरोधकावर सरळ चढताना मात्र आवाज कमी होतो किंवा बंद होतो, असं असेल तर संशय लिंकवर. कारण वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही चाकं एकदम उचलली की लिंकवर फारसा जोर येत नाही. जंपर गेलेला असेल तर आवाजापेक्षा गाडी उसळणं जास्त असतं, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा वर-खाली होते, आणि जंपरच्या अंगावर तेल गळलेलं दिसतं. ब्रेकला हलका पाय लावल्याबरोबर आवाज थांबत असेल तर लिंक सोडा, ब्रेक पॅड बघा.

मग हाताने तपासा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. जॅक लावू नका. स्टेअरिंग पूर्ण फिरवून चाकामागे हात घाला, लिंक मुठीत धरा आणि वर-खाली, आजूबाजूला जोरात हलवा. टक टक असा झटका हाताला लागला तर जॉइंट गेला. दांडा स्वतःभोवती थोडा फिरतो, तो दोष नाही, बॉल जॉइंट तसाच फिरायला हवा. पुष्कळ जण इथेच फसतात आणि चांगली लिंक फेकून देतात. रबरी टोपी फाटलेली दिसली, तिच्या भोवती ग्रीस आणि माती चिकटलेली दिसली, तर आज आवाज नसला तरी काही महिन्यांत येणार हे समजा.

नक्की करायचं असेल तर मिस्त्रीला दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडायला सांगा. बारची टोकं टायर, ब्रेकची नळी, ड्राइव्ह शाफ्ट यांना लागणार नाहीत अशी तारेने बांधा आणि गाडी जवळच्याच रस्त्यावर अगदी हळू फिरवून आणा. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे बुश दोषी. आवाज तसाच असेल तर पैसे वाचले, आता दुसरीकडे शोधा.

एक तपासणी मात्र याच वेळी करून घ्या. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. झोल असेल तर व्हील बेअरिंग किंवा आर्मचा बॉल जॉइंट खराब असतो. डावी-उजवीकडे धरून झोल असेल तर टायरॉड एन्ड. लिंक तुटली तर गाडी डुलते, पण आर्मचा बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं पडतं. दोघांचा आवाज बाहेरून सारखाच वाटू शकतो. म्हणून "लिंकच असंल" असं समजून महिनोन्महिने गाडी पळवू नये.

लिंक काढून फेकायचा जुगाड

आता खरी काळजीची गोष्ट. आवाज बंद करायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोन्ही लिंक काढून टाकणे. काही ठिकाणी ते सर्रास करतात. गाडी चालते, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. सरळ रस्त्यावर तर गाडी उलट मऊच वाटते, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून लोकांना वाटतं, हा बार फालतूच होता.

फरक कळतो तो अचानक वळवताना. ८० च्या वेगात समोर म्हैस आली, तुम्ही स्टेअरिंग उजवीकडे मारलं आणि लगेच परत डावीकडे घेतलं. पहिल्या झुकण्यातून गाडी सावरायच्या आत दुसऱ्या बाजूला फेकली जाते. टपावर सामान असेल, मागे पोती किंवा माणसं असतील तर वजन उंचावर असतं आणि झुकणं आणखी वाढतं. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदेशीर आहेच, पण लग्नसराईत आणि जत्रेला काय चालतं ते आपण बघतोच. निदान त्या गाडीचा बार तरी जागेवर असावा.

एकच लिंक तुटली आणि दुसरी चांगली आहे, तरी निम्मं काम चालू राहतं असं समजू नका. बारला पीळ पडायला दोन्ही टोकं धरलेली लागतात. एक सुटलं की बार पूर्ण बेकार. वर तुटलेला तुकडा लोंबकळत टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासू शकतो. असा तुकडा दिसला तर गाडी पुढे नेण्याआधी तारेने नीट बांधून घ्या.

सेकंडहँड गाडी घेताना तर टॉर्च मारून बघाच. लिंकच्या जागी नुसती भोकं दिसली तर भावात ते धरा.

बदलायची कशी

सुटे भाग आणताना जुनी लिंक काढून सोबत नेणं सर्वांत सोपं. ते जमत नसेल तर आरसी बुकातलं मॉडेल आणि साल सांगा. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक लिंक बदललेली असते. काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते, खूण बघून घ्या. जोडीनेच घ्या, दोन्ही बाजू सारख्याच किलोमीटर चालल्यात. नवीन नट सोबत येतात का बघा. आत नायलॉनचं कडं असलेला नट एकदाच वापरायचा असतो.

गाडी सपाट, टणक जागेवर लावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग पुढच्या दोन्ही बाजू उचला आणि दोन्हीकडे स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर एक चाक लोंबकळतं आणि दुसरं दाबलेलं राहतं. बारमध्ये पीळ राहतो, नट निघताच दांडा झटक्याने सुटतो, हाताला लागतो आणि नवी लिंक भोकात बसतच नाही. मग हातोडी, पहारी सुरू. गाडीवाल्याच्या अंगणात जे काम दोन तास लांबतं ते बहुतेक या एका कारणाने. फक्त जॅकवर गाडीखाली जाऊ नये. विटा, दगडांची चवड, लाकडाचे ओंडके यांवरही गाडी टेकवू नये. वीट वजनाखाली अचानक फुटते.

चाकं काढल्यावर लिंकचे आटे तारेच्या ब्रशने घासा, गंजावर मारायचं तेल मारा आणि पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या. घाई केली की नट अर्ध्यावर येऊन जाम होतो. नट फिरवताना त्याच्याबरोबर आतला बोल्टही फिरायला लागतो, कारण तो गोळ्याला जोडलेला आहे. त्यासाठी बोल्टच्या टोकाला षटकोनी खाच असते. तिच्यात ॲलन पाना घालून बोल्ट धरायचा आणि रिंग पान्याने नट फिरवायचा. काही लिंकला रबरी टोपीच्या मागे चपटी बाजू असते, तिथे पातळ पाना बसतो. खाच मातीने भरलेली असते, आधी खिळ्याने साफ करा, नाहीतर पाना सटकून खाच गोल होते. ती गोल झाली तर नट ग्राइंडरने कापणं हाच उपाय. अशा वेळी काही जण गॅस कटर लावतात. शेजारी ब्रेकची रबरी नळी असते, ती भाजली तर बाहेरून कळतही नाही. गॅस नकोच.

जुनी आणि नवी लिंक शेजारी धरून लांबी आणि बोल्टची दिशा जुळवा. दोन्ही टोकं भोकात घालून नट आधी हाताने चढवा, मग पान्याने. छोट्या गाड्यांत हा नट १० मिलिमीटर आट्याचा असतो. आवळायचा नेमका जोर तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, टॉर्क पाना असलेल्या गॅरेजमध्ये तो आकडा दाखवा. पान्याला पाइप घालून आवळू नका. आटे ताणले जातात आणि पुढच्या खेपेला नट निघत नाही. आवळताना रबरी टोपीला पीळ बसलेला नाही हे बघा, पिळलेली टोपी लवकर फाटते.

काही जुन्या गाड्यांत बॉल जॉइंटऐवजी लांब बोल्ट आणि रबराच्या चकत्या असलेली लिंक असते. तिचं शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून करायचं. रबर थोडं फुगलं की थांबायचं, चपटं होईपर्यंत नाही.

काम चालू असतानाच बारच्या मधल्या दोन रबरी बुशांवरही नजर टाका. भोक मोठं झालं असेल, रबराला चिरा असतील तर तेही बदला, नाहीतर खडखड जाईल आणि दबका धाड धाड आवाज राहील. त्या रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नये, रबर सुजतं.

लिंक बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करायची गरज नसते. चाकाचा कोन लिंकवर अवलंबून नसतो. टायरॉड, खालचा आर्म किंवा जंपर उघडला असेल तर अलाइनमेंट लागते, नुसत्या लिंकसाठी कुणी बिलात लावली तर का लावली ते विचारा. चाकाचे नट गाडी खाली उतरवून, एक सोडून एक असे आवळा. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे आणि लिंकचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.